कडधान्यं शिजत का नाहीत आणि नीट शिजली तर काय मिळतं

माणसाला आणि पृथ्वीलाही मानवेल असा आहार कोणता, याचा आराखडा ईट-लॅन्सेट आयोग या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2019 साली मांडला. त्यात मोठ्या माणसासाठी रोज सुमारे 50 ग्रॅम कोरडं कडधान्य धरलं आहे. भिजून शिजलं की त्याचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे मध्यम वाटीभर. बऱ्याच देशांत लोक याच्या निम्मंही खात नाहीत. चवीबद्दलची तक्रार क्वचितच ऐकू येते. ऐकू येतं ते ‘शिजत नाही’, ‘वेळ फार लागतो’ आणि ‘पोट फुगतं’. या तिन्ही तक्रारींचं मूळ दाण्याच्या रचनेत आहे आणि तिन्हींवर उपाय आहेत. म्हणून कडधान्यं खा असं सांगताना ती कशी शिजवायची हेही सांगायला हवं, नाहीतर तो सल्ला कागदावरच राहतो.

वाटीत काय असतं ते आधी पाहू. शिजलेल्या 100 ग्रॅम राजम्यात साडेआठ-नऊ ग्रॅम प्रथिनं, सहा-सात ग्रॅम तंतू, जेमतेम अर्धा ग्रॅम चरबी आणि सुमारे 130 कॅलरी असतात. फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेच्या जवळजवळ एक तृतीयांश मिळतं. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि मेथिओनिन पुरेसं असतं. कडधान्यांत नेमकं उलट, म्हणून दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. ती एकाच जेवणात असलीच पाहिजेत असं नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालतात.

2014 साली कॅनडातल्या संशोधकांनी 26 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. रोज साधारण 130 ग्रॅम कडधान्यं खाल्ल्यावर एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, सरासरी 5 टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. त्याहून जुनं आणि अधिक रंजक निरीक्षण टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स यांच्या गटाचं आहे. सकाळी मसूर खाल्ला तर दुपारच्या जेवणानंतरही रक्तातली साखर कमी चढते, हे त्यांनी 1982 साली दाखवलं. दाण्यातला स्टार्च पेशींच्या जाड भिंतींत बंद असतो, त्यामुळे तो सावकाश पचतो आणि त्याचा परिणाम पुढच्या जेवणापर्यंत टिकतो.

आता दाणा भिजतो कसा ते पाहू. टरफल पाणी सहज आत घेत नाही. दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो, त्या खुणेजवळच्या बारीक वाटांनी पाणी शिरतं. आधी टरफल फुगून सुरकुततं, मग आतली दलं भरतात आणि सुरकुत्या जातात. म्हणून भिजत घातल्यावर तासाभराने सुरकुतलेला राजमा दिसला तर तो अर्धाच भिजलेला असतो. दाणा मधोमध फोडून पाहावा. आत फिकट, कोरडा खळगा दिसला तर अजून वेळ द्यावा. काही दाण्यांच्या टरफलातून पाणी शिरतच नाही. असे गणंग दाणे भिजवल्यानंतर निवडून टाकावेत, कारण बाकीचे शिजले तरी ते दाताखाली खड्यासारखे येतात.

भिजवायच्या पाण्यात मीठ घालावं. मिठाने कडधान्य कडक राहतं हा समज चुकीचा आहे. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने जोडलेल्या असतात आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम त्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, जोड सैल होतो, टरफल मऊ पडतं आणि शिजताना फुटत नाही. प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे. पाव किलो कडधान्याला एवढं पाणी पुरतं. आठ ते बारा तास भिजवून पाणी ओतून टाकावं आणि दाणे धुऊन घ्यावेत. हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवावं, नाहीतर पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. रात्री भिजत घालायचं राहिलंच, तर दाणे दोन मिनिटं खळखळून उकळावेत आणि झाकून तासभर ठेवावेत. मसूर आणि फोडलेल्या डाळींना यातल्या कशाचीच गरज नाही.

तासन्‌तास शिजवूनही दाणा कडकच राहतो तेव्हा दोष बहुधा पुढच्या तिघांपैकी एकाचा असतो. पहिला आंबटपणा. टोमॅटो, चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर आधी घातलं की आम्लामुळे पेक्टिन विरघळत नाही. आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावरच घालावं. दुसरं जड पाणी, त्यातलं कॅल्शियम पेक्टिन आणखी आवळतं. तिसरं कारण सर्वांत चिवट, ते म्हणजे जुना माल. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यांत फायटेट नावाचं संयुग हळूहळू तुटतं. त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटून पेशींमधल्या पेक्टिनला जाऊन चिकटतं. असा दाणा भिजतो, फुगतो, पण मऊ होत नाही. पाणी जड असेल किंवा माल जुना असेल, तर अर्धा किलो कोरड्या दाण्यांना पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालावा. त्याहून जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. ताज्या मालाला सोडा घालूच नये. कडधान्यं एका वर्षात संपतील एवढीच घ्यावीत आणि हवाबंद डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावीत.

राजम्याच्या बाबतीत एक गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेही एक ते तीन तासांत तीव्र मळमळ, उलट्या आणि मग जुलाब सुरू करायला पुरेसे असतात. उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंश सेल्सिअसला, हे लेक्टिन दहा मिनिटांत निष्प्रभ होतं. पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खबरदारी म्हणून किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात 30 मिनिटं उकळायला सांगतं. धोका मंद आचेच्या विजेच्या भांड्यात आहे. तिथे दाणा 75 ते 80 अंशांतच राहिला तर तो मऊ होतो, पण विष जात नाही, उलट वाढू शकतं. असं भांडं वापरायचंच असेल तर राजमा आधी गॅसवर उकळून मगच त्यात घालावा. मोड आलेला राजमासुद्धा कच्चा खाऊ नये.

प्रेशर कुकरमध्ये वाफेचं तापमान 120 अंशांपर्यंत जातं, त्यामुळे वेळ आणि विष दोन्ही प्रश्न सुटतात. भिजवलेल्या राजम्याला पूर्ण दाब आल्यावर दहा ते पंधरा मिनिटं, छोल्यांना पंधरा ते वीस मिनिटं. कुकर निम्म्याच्या वर भरू नये, कारण कडधान्यांचा फेस वाफेच्या वाटेत अडकतो. चमचाभर तेल घातलं की फेस कमी येतो. दाब आपोआप उतरू द्यावा. वाफ एकदम सोडली तर दाण्याच्या आतलं पाणी उसळून टरफलं फाटतात. शिजलं की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नये. पाच दाणे घ्यावेत आणि पाचही जीभ व टाळू यांच्यामध्ये सहज चिरडले गेले पाहिजेत.

पोट फुगण्याचं कारण रॅफिनोज, स्टॅकिओज यांसारख्या शर्करा. त्या तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि वायू तयार होतो. भिजवलेलं पाणी टाकल्याने यातला काही भाग निघून जातो. त्याबरोबर थोडी जीवनसत्त्वंही जातात, पण ज्याचं पोट कुरकुरतं त्याने हा सौदा करावा. मोड आणल्यानेही फरक पडतो, कारण अंकुर याच शर्करा वापरून वाढतो. तरी मुख्य उपाय सवयीचा आहे. सुरुवात मूग किंवा मसुराने करावी, एका दिवसाआड दोन-तीन मोठे चमचे, आणि आठवड्या-आठवड्याने वाढवत वाटीवर यावं. तंतू वाढतात तसं पाणीही वाढवावं. बहुतेकांचं पोट दोन-तीन आठवड्यांत रुळतं. एकदम दोन वाट्या खाऊन दुसऱ्या दिवशी कडधान्यं सोडून देणारेच जास्त.

कडधान्यांतलं लोह फायटेटमुळे शरीराला कमी मिळतं. क जीवनसत्त्व ही अडचण बरीच दूर करतं. शेवटी घातलेलं लिंबू इथे दुहेरी उपयोगी पडतं. चहा-कॉफी मात्र जेवणानंतर तासभराने घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पोटॅशियममुळे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. जी-6-पीडी विकराची कमतरता असणाऱ्यांनी बाकला, म्हणजे फावा बीन, अजिबात खाऊ नये, कारण त्याने लाल रक्तपेशी फुटतात.

रोज शिजवत बसायची गरज नाही. आठवड्यातून एकदा अर्धा किलो शिजवून सव्वा किलोच्या आसपास तयार दाणे मिळतात. ते उथळ भांड्यात पसरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावेत, कारण कोमट रश्शात जीवाणू झपाट्याने वाढतात. शिजलेल्या पाण्यातच ठेवले तर कोरडे पडत नाहीत. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. त्यापुढचे एकेका जेवणापुरते वेगळे करून फ्रीजरमध्ये ठेवावेत, काही महिने चांगले राहतात. डबाबंद कडधान्यंही उत्तमच. ती आधीच उच्च तापमानाला शिजलेली असतात, म्हणून लेक्टिनची भीती नसते. त्यांत मीठ मात्र बरंच असतं. पाणी निथळून दाणे नळाखाली धुतले की त्यातलं सुमारे 40 टक्के सोडियम निघून जातं.