बुडापेस्ट की बुखारेस्ट? तिकीट काढण्याआधी एवढं वाचा

मित्रांच्या ग्रुपवर ‘यंदा बुडापेस्ट’ असं ठरतं, आणि लगेच कुणीतरी ड्रॅक्युलाच्या किल्ल्याचा फोटो टाकून विचारतं, ‘हा पण करायचा ना?’ ड्रॅक्युलाच्या नावाने खपवला जाणारा तो ब्रानचा किल्ला रोमानियात आहे. रोमानियाची राजधानी बुखारेस्ट, बुडापेस्ट हंगेरीची. घोळ फक्त बोलण्यापुरता असता तर हसून सोडून दिला असता, पण तिकिटाच्या साइटवरही तो होतो. बुडापेस्टचा कोड ‘बीयूडी’ आणि बुखारेस्ट शहराचा ‘बीयूएच’. एका अक्षराची चूक सहाशेहून जास्त किलोमीटरला पडते. बुखारेस्टच्या मुख्य विमानतळाचा स्वतःचा कोड मात्र ‘ओटीपी’ आहे, कारण तो ओटोपेनीत आहे. बुकिंगवर तो दिसला तर बुखारेस्ट, हे नक्की समजा.

दिवसा भटकायला बुडापेस्ट सोपं. डॅन्यूब मधोमध वाहते, एका काठावर डोंगराळ बुडा, दुसऱ्यावर सपाट पेस्ट. १८७३ मध्ये बुडा, पेस्ट आणि ओबुडा एकत्र करून हे शहर झालं. पेस्टच्या काठाने जाणारी २ नंबरची ट्राम पकडली की संसद, चेन ब्रिज आणि पलीकडचा राजवाडा बसल्याजागी दिसतात, तेही साध्या तिकिटात. संसदेजवळ उतरून काठावरचे लोखंडी बूट बघाच. १९४४-४५ मध्ये हंगेरीतल्या फॅसिस्टांनी ज्यूंना इथे बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं, त्यांची ही आठवण. लोक तिथे उड्या मारत सेल्फी काढतात, ते बघवत नाही.

बुखारेस्टला डॅन्यूब नाही. गावातून वाहते ती दांबोवित्सा, तीही बऱ्याच ठिकाणी काँक्रीटच्या पात्रात. या शहरात जे दिसतं त्याइतकंच जे पाडलं गेलं तेही महत्त्वाचं आहे. रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कू याने १९८४ मध्ये आपल्या महाकाय राजवाड्याचं, म्हणजे आजच्या संसदेचं, काम सुरू केलं आणि त्यासाठी जुन्या वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट केल्या. १९८९ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा इमारत अपुरीच होती. आत बघायचं तर आधी बुकिंग करा आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्सवर सोडत नाहीत. मला स्वतःला राजवाड्यापेक्षा मिहाय वोदा चर्च जास्त भावतं. सोळाव्या शतकातलं हे चर्च पाडापाडीतून वाचवण्यासाठी १९८५ मध्ये पायासकट कापून, रुळांवर घालून जवळजवळ २९० मीटर सरकवलं. आज ते उंच सोसायट्यांच्या पाठीमागे लपलंय. समोरच्या रस्त्यावरून जाताना पत्ताही लागत नाही.

रात्रीचा फरक त्याहून मोठा. बुडापेस्टची ओळख म्हणजे रुइन बार, आणि ते बहुतेक पेस्टच्या सातव्या वॉर्डात, जुन्या ज्यू वस्तीत. युद्धानंतर ओस पडलेल्या इमारतींत तरुणांनी स्वस्तात बार थाटले. मधे चौक, भोवती गॅलऱ्या, वर मोकळं आभाळ: पुण्यातल्या पडक्या वाड्यात कुणी रंगीत दिवे लावून बिअर विकावी, तसं. २००२ मध्ये सुरू झालेला सिम्प्ला केर्ट यातला सर्वांत गाजलेला. तिथे कापलेल्या बाथटबचा सोफा आहे आणि चौकात जुन्या ट्राबांट गाडीत बसून लोक पितात. गर्दीचा त्रास असेल तर शुक्रवार-शनिवार टाळा. आजूबाजूचे रहिवासी या गोंगाटाला इतके वैतागले की बार मध्यरात्री बंद करावेत का यावर २०१८ मध्ये वॉर्डात मतदान झालं. पुरेसे लोक मतदानालाच आले नाहीत, म्हणून ते बारगळलं. बार नको असेल त्याने रुदासला जावं. तुर्की अमलातलं हे हमाम, घुमटाखाली अष्टकोनी कुंड, आणि वीकेंडला रात्री उशिरापर्यंत पोहता येतं.

बुखारेस्टच्या लिप्सकानी भागात बारला लागून बार आहेत, पण तिथली रात्र मोठ्या आवाजाची आणि पर्यटकांना हाका मारून आत ओढणारी. तिथे एक चक्कर पुरे. १८७९ पासूनच्या कारू कु बेरेत नक्षीदार छताखाली जेवून घ्या आणि मग काल्या व्हिक्टोरियेकडे वळा. हा रस्ता उन्हाळ्यात वीकेंडला गाड्यांना बंद असतो, मधोमध सायकली आणि लहान पोरं. स्थानिक मंडळी आतल्या गल्ल्यांमधल्या झाडांखालच्या बागांत बसतात, जेवणं उशिरा, गप्पा त्याहून उशिरा.

पहिल्यांदाच युरोपला जाणारा, आठ जणांचा, तीन रात्रींचा ग्रुप असेल तर माझं मत बुडापेस्टला. तिथे न ठरवताही दिवस भरतो. बुखारेस्टला कुणीतरी एकाने आधी वाचून यावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ‘इथे बघायचं काय’ सुरू होतं. पण ग्रुपमधल्या कुणाला इतिहासाची आवड असेल, आणि एक दिवस ट्रेनने ब्राशोव्हला जायची तयारी असेल (ब्रान तिथून जवळ), तर बुखारेस्टच.

दोन्ही करायची असतील तर पूर्वीपेक्षा सोपं झालंय. जानेवारी २०२५ पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांमध्ये, आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टला एकच शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. मधलं अंतर विमानानेच कापा, ट्रेनला अर्ध्या दिवसाहून जास्त लागतो. चलनं वेगळी, हंगेरीत फोरिंट आणि रोमानियात लेऊ. युरो घेऊन गेलात तरी दोन्हीकडे बदलावे लागतील. आणि बुखारेस्टचं घड्याळ बुडापेस्टच्या एक तास पुढे असतं, परतीचं विमान पकडताना तेवढं बघा.