टेस्ट किटमधले शून्य आणि टाकीतले शेवाळ

घाटमाथ्यावरच्या नाशिकमध्येही हल्ली दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवणारे हौशी लोक दिसू लागले आहेत. पन्नास-साठ लिटर पाणी, क्लाउनफिशची जोडी, थोडे लाइव्ह रॉक (जिवाणूंची वस्ती असलेले सच्छिद्र दगड) आणि एखाद-दोन मऊ प्रवाळ एवढाच तो संसार असतो. काही महिन्यांत दगडांवर केसांसारखे हिरवे शेवाळ चढते आणि पाणी तपासण्याचे किट वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच तक्रार येते : ‘किटमध्ये नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, मग हे जगते कशावर?’ या प्रश्नात जो गैरसमज आहे तो दूर झाल्याखेरीज दुकानातली कोणतीही बाटली उपयोगाला येत नाही.

किट मोजते ते त्या क्षणी पाण्यात विरघळून उरलेले खत. शेवाळाने आधीच शोषलेले खत त्याला दिसत नाही. पंगतीत वाढप्याच्या हातातले भांडे रिकामे दिसले म्हणून पानांवर बसलेले उपाशी आहेत असे होत नाही. पाने भरली म्हणूनच ते रिकामे झालेले असते. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून सुटणारे फॉस्फेट शेवाळ झपाट्याने ओढून घेते, तत्काळ गरज नसली तरी ओढून घेते, आणि जादा झालेले पेशीत पॉलिफॉस्फेटच्या लांब साखळ्यांच्या रूपात साठवून ठेवते. म्हणून पाण्यातल्या मात्रेपेक्षा रोज टाकीत किती येते आणि टाकीबाहेर किती जाते, हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

या हिशेबात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो. माशाने सोडलेल्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. लाइव्ह रॉकच्या सच्छिद्र गाभ्यात, जेथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तेथे दुसरे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन काढून घेतात. शेवटी उरतो तो नायट्रोजन वायू, आणि ज्या हवेत ७८ टक्के तोच आहे त्या हवेत तो निघून जातो. फॉस्फरसला अशी हवेची वाट नाही. तो माशात असेल, शेवाळात असेल, गाळात असेल किंवा दगडाला चिकटलेला असेल. पण आपण बाहेर काढेपर्यंत तो टाकीतच असतो.

आता तो येतो किती ते पाहू. ‘शून्य-बावन्न-चौतीस’ हे खत म्हणजे काय, हे द्राक्ष बागायतदारांच्या या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. त्यातला बावन्न हा आकडा फॉस्फरसचा, तोही ऑक्साइडच्या हिशेबाने; निव्वळ फॉस्फरस सुमारे २३ टक्के भरतो. माशांच्या कोरड्या खाद्यात तो अवघा १ टक्का धरला, तरी १ ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट येते. ते ६० लिटर पाण्यात पसरले की लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम होते. प्रवाळांच्या आसपासच्या मोकळ्या समुद्रात हेच प्रमाण लिटरमागे मिलिग्रॅमच्या एक-दोन शतांशांइतके असते. खाद्यातले काही फॉस्फरस मासा अंगी लावतो, हे खरे. पण वाढ पूर्ण झालेला मासा फारसे लावत नाही.

शिवाय टाकीतला दगड स्वतःच एक कोठार असतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. पाण्यात फॉस्फेट वाढले की ते त्याच्या पृष्ठभागाला चिकटते, आणि पाणी बदलून ते कमी केले की समतोल साधण्यासाठी दगड ते पुन्हा सोडू लागतो. पाणी बदललेल्या संध्याकाळी किटमधला निळा रंग फिकट दिसतो आणि काही दिवसांत तो पुन्हा गडद होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

नायट्रोजन उडून जातो आणि फॉस्फरस साचत राहतो, त्यामुळे दोघांचे गुणोत्तर बिघडते. सागरी प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, शरीरातील या मूलद्रव्यांचे प्रमाण ढोबळमानाने ठरलेले असते, हे सागरशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये मांडले. पुढे ते अणूंच्या हिशेबाने नायट्रोजन १६ ला फॉस्फरस १ (१६:१) असे रूढ झाले. नायट्रेटच्या आयनाचे वस्तुमान ६२ आणि फॉस्फेटच्या आयनाचे ९५ असल्याने किटच्या आकड्यांत ते साधारण १०:१ होते. मोठ्या शेवाळांत नायट्रोजनचा वाटा याहून अधिक असतो, म्हणून या आकड्याचा मंत्र करू नये. मात्र नायट्रेट तळाला आणि फॉस्फेट भरपूर अशी स्थिती आली की सायनोबॅक्टेरियांचे फावते. वाळूवर पसरणारी ती लालसर, बुळबुळीत चादर शेवाळ नव्हेच, ते जिवाणू आहेत. त्यांच्यातल्या काही जाती हवेतून आलेला नायट्रोजन स्वतः स्थिर करतात. केवळ नायट्रेट घटवणारा उपाय त्यांच्या पथ्यावरच पडतो.

टाकीतला मासा मेला की त्याने घरावरचे संकट अंगावर घेतले, असे सांगणारे वास्तुतज्ज्ञ आपल्याकडे कमी नाहीत. बहुतेक वेळा त्याने अंगावर घेतलेला असतो तो अमोनिया. ‘जिओलाइट टाका, अमोनिया गायब’ हा सल्लाही असाच ऐकू येतो; जिओलाइट म्हणजे आयन धरून ठेवणारे सच्छिद्र खनिज. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले जिओलाइटचे स्फटिक पाहून कोणालाही भुरळ पडावी, पण हा सल्ला गोड्या पाण्यापुरता ठीक आहे. खाऱ्या पाण्यात सोडियम आयनांच्या गर्दीत अमोनियमला त्या स्फटिकात फारशी जागा मिळत नाही. किंबहुना वापरलेले जिओलाइट पुन्हा उपयोगात आणण्यासाठी ते मिठाच्या पाण्यातच भिजवतात.

पाण्याचा स्थानिक भाग थोडक्यात सांगतो. बेसाल्टच्या मुलखातून आलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, आणि नव्या टाकीच्या काचेवर बसणारी तपकिरी भुकटी म्हणजे त्या सिलिकेचे कवच बांधणारे डायटम हे सूक्ष्म शैवाल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघड्या टाकीची पातळी रोज उतरते. उडते ते निव्वळ पाणी; ती तूट नळाच्या पाण्याने भरली तर त्यातली सिलिका आणि नायट्रेट टाकीत साचत जातात. स्वयंपाकघरातल्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळले जाते, म्हणून टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर शून्याजवळ येणारे पाणीच वापरावे.

चरणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व कमी नाही. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा जातीचे सी अर्चिन हे शेवाळ खाणारे काटेरी प्राणी साथीने जवळजवळ नामशेष झाले आणि आधीच अतिमासेमारी झालेल्या जमैकाच्या प्रवाळांवर शेवाळाने कब्जा केला. परंतु बंद टाकीत गोगलगाय शेवाळ खाते आणि त्यातला बराचसा फॉस्फरस तेथेच विष्ठेतून सोडते. म्हणून जुन्या टूथब्रशने दगड घासताना सायफनच्या नळीचे तोंड ब्रशला लागूनच धरावे, म्हणजे सुटलेला प्रत्येक तंतू बादलीत जातो. दुसरा उपाय म्हणजे वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे निरुपद्रवी शेवाळ वाढवणे. त्याचा दिवा रात्री लावला तर रात्रीची सामूची (पीएच) घसरणही आटोक्यात राहते. मात्र वाढलेला गुंता वेळोवेळी काढून फेकला नाही तर त्याचा काही उपयोग नाही. फॉस्फेट धरून ठेवणारे आयर्न ऑक्साइडचे दाणेही मिळतात. लहान टाकीत ते सांगितलेल्या मात्रेच्या चतुर्थांशापासून सुरू करावेत आणि लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट राहू द्यावे, कारण ते एकदम तळाला गेले की प्रवाळ फिकट पडतात आणि हिरव्या केसांच्या जागी डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचे तपकिरी, बुडबुडे धरणारे चिकट तंतू येतात, ज्यांना बहुतेक गोगलगायी तोंड लावत नाहीत.