दोबिन्यी, शार्ल-फ्रांस्वा

(15 फेब्रुवारी 1817–19 फेब्रुवारी 1878). फ्रेंच निसर्गचित्रकार व अम्लरेखनकार (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापचित्रे करणारा). पॅरिसमध्ये चित्रकारांच्या घराण्यात जन्म. बालपणाचा काही काळ व्हालमाँद्वा या खेड्यात दाईकडे गेला. कलेचे पहिले धडे वडील एद्माँ-फ्रांस्वा यांच्याकडे. 1836 मध्ये इटलीचा प्रवास, पुढे काही काळ चित्रकार पॉल दलारोशकडे शिक्षण. बार्बिझाँ संप्रदायात (फाँतेनब्लोच्या जंगलालगतच्या बार्बिझाँ खेड्याभोवती काम करणाऱ्या निसर्गचित्रकारांच्या गटात) त्याची गणना होते, मात्र फाँतेनब्लोच्या जंगलापेक्षा त्याचा ओढा वाझ नदीकडे अधिक होता.

1857 च्या सुमारास त्याने ‘बोतँ’ ही सपाट तळाची नाव घेतली. तिच्यावरील खोलीत बसून त्याने सेन व वाझ नद्यांचे काठ रंगविले. पाण्याच्या पातळीवरून दिसणारा रुंद, मोकळा देखावा हे त्याच्या चित्रांचे वैशिष्ट्य या नावेतूनच आले. नावेवरील दिनक्रम त्याने ‘नावेतील प्रवास’ (1862) या अम्लरेखनमालेत मिस्किलपणे टिपला.

उघड्यावर त्याने नेमके किती काम पुरे केले, हा वादाचा विषय आहे. ‘व्हिलेरव्हील-स्युर-मेर’ (1864) हे मोठे चित्र पूर्णपणे जागेवरच रंगविले, असे त्याचा चरित्रकार फ्रेदेरिक आंरिए सांगतो. कॅनव्हास जमिनीत रोवलेल्या खुंटांना बांधून उघड्यावर ठेवलेला असे. गुरांच्या शिंगांचे व पोरांच्या खोड्यांचे भय त्याला होतेच. आंरिए मित्र असल्याने हा तपशील सावधपणे घ्यावा लागतो. सॅलाँमधील (पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनातील) त्याच्या सर्वच चित्रांना तो लागू करणे धाडसाचे होईल. लहान अभ्यासचित्रे जागेवर व मोठी बरीचशी चित्रालयात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

1862 च्या सुमारास त्याने काच-मुद्रणाचाही प्रयोग केला. काचेवर अपारदर्शक लेप देऊन त्यावर सुईने रेषा कोरीत; मग काच प्रकाशसंवेदी कागदावर ठेवून उन्हात धरीत. कोरलेल्या रेषांतून प्रकाश जाई व त्या कागदावर गडद उमटत. यंत्राची गरज नसे.

त्याची चित्रे केवळ ‘ठसा’ पाडून थांबतात, तपशिलाची हयगय होते, असा आक्षेप समीक्षक तेओफील गोतिएने 1861 मध्ये घेतला. दृक्प्रत्ययवाद्यांवर (इंप्रेशनिस्ट चित्रकारांवर) पुढे हाच आक्षेप आला. 1870 मध्ये त्यांच्यापैकी क्लोद मोनेचे चित्र नाकारले गेल्यावर दोबिन्यीने सॅलाँच्या परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याने मोनेची द्युराँ-र्‍युएल या चित्रविक्रेत्याशी गाठ घालून दिली. मोनेनेही पुढे आर्जांतयला नावेत चित्रालय थाटले.

1860 पासून तो वाझ नदीकाठच्या ओव्हेर या गावी राहत असे. पॅरिसमध्ये निधन. त्याच्या ओव्हेरच्या बागेची चित्रे व्हॅन गॉखने 1890 मध्ये काढली.