प्रोलाँगेशन

चालू असलेली गोष्ट ठरल्या वेळेपलीकडे चालू ठेवणे, किंवा ती तशी चालू राहणे, या अर्थाचे इंग्रजीतील औपचारिक नाम. मूळ लॅटिन : 'प्रो' म्हणजे पुढे, 'लाँगुस' म्हणजे लांब. बोलताना इंग्रजही साधे 'एक्सटेन्शन' म्हणतो; प्रोलाँगेशन भेटते ते करारनाम्यांत, वैद्यकीय अहवालांत आणि कायद्याच्या चर्चेत.

मराठीत यासाठी एकच एक शब्द नाही, आणि ते सोयीचेच आहे. 'मुदतवाढ' कोणीतरी द्यावी लागते; मागणारा खाली, देणारा वर. 'लांबण' लावली जाते, आणि लावणारा दोषी ठरतो. 'दीर्घीकरण' कोणाचेच नसते, म्हणून ते शास्त्रीय लेखनात खपते. हृदयाच्या आलेखातील क्यूटी अंतर वाढले तर डॉक्टर जे प्रोलाँगेशन म्हणतात, ते हे. इंग्रजी नामात असा दोष किंवा उपकार मुळातच नाही.

भाषांतरात खरी फसगत करते ते 'लांबणे' हे क्रियापद. मराठवाड्यात जूनमध्ये 'पाऊस लांबला' म्हटले, की पेरण्या खोळंबल्या, पाऊस आलाच नाही. ऑक्टोबरात 'पावसाळा लांबला' म्हटले, की काढून टाकलेले सोयाबीन भिजत पडले, पाऊस जाईचना. प्रोलाँगेशन फक्त दुसरे. पहिल्याला इंग्रजीत 'पोस्टपोनमेंट' किंवा 'डिले' लागेल. लग्न लांबले आणि वरात लांबली यांतही हाच फरक : एक सुरूच झालेले नाही, दुसरी संपत नाही.

मराठवाड्याच्या इतिहासात मुदतीला मोठे वजन आहे. हैदराबाद संस्थान आणि भारत यांच्यात 29 नोव्हेंबर 1947 रोजी 'जैसे थे' करार झाला. जुनी व्यवस्था आणखी एक वर्ष तशीच चालू ठेवायची, एवढेच त्याचे सार. ते वर्ष पुरे झालेच नाही. 13 सप्टेंबर 1948 रोजी लष्करी कारवाई सुरू झाली आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पुढच्या काळातले उदाहरण वैधानिक विकास मंडळाचे. संविधानाच्या अनुच्छेद 371(2) खाली 1994 साली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी मंडळे आली. त्यांना वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली आणि शेवटची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. अनुशेष मात्र मुदत मागायला कधी थांबला नाही.

रोजच्या व्यवहारात मुदतवाढीचा प्रश्न जुलैअखेरीस सर्वांत जास्त ऐकू येतो, शब्द मात्र वेगळा असतो. पीकविम्याचा अर्ज भरायला सेवा केंद्रासमोर रांग, हातात सातबारा, आधार, पासबुक, पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र, आणि आत सर्व्हर फिरतोय. तेव्हा 'मुदतवाढ झाली का' असे कोणी विचारत नाही. 'तारीख वाढली का?' असे विचारतात. 2023 साली, एक रुपयात विम्याच्या पहिल्या हंगामात, 31 जुलैची तारीख 3 ऑगस्टपर्यंत गेली होती. तारीख उलटून गेल्यावर कोर्टात अपील घेऊन जाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफी मागावी लागते. मुदतवाढ आणि माफी या एकाच गोष्टी नव्हेत, जरी दोन्हींसाठी अर्जाचा सूर सारखाच अजिजीचा असतो.

बांधकामाच्या कंत्राटात 'प्रोलाँगेशन कॉस्ट' हा वेगळाच दावा आहे. जागेचा ताबा किंवा नकाशे मालकाकडून उशिरा मिळाले, म्हणून काम रेंगाळले, तर त्या काळातले साइटवरचे ऑफिस, वॉचमन, यंत्रांचे भाडे असा खर्च कंत्राटदार मागतो. वाढीव वेळ मिळाला म्हणजे पैसेही मिळालेच, असे नाही. वेळ दिल्याने दंड टळतो. पैशासाठी दोष कोणाचा आणि खर्च किती, हे कागदोपत्री दाखवावे लागते.

ध्वनीच्या बाबतीत मात्र संस्कृत व्याकरणाने हे काम कधीच करून ठेवले आहे. ऱ्हस्व एक मात्रा, दीर्घ दोन, प्लुत तीन. दुरून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत होतो, असे पाणिनीचे सूत्र सांगते. विहिरीवरून पलीकडच्या शिवारात 'आबाऽऽऽ' अशी हाक जाते ती हीच. तीन मात्रांत ती भागते, असे मात्र नाही. ओ येईपर्यंत स्वर ताणला जातो.