गॉथम सिटी

गॉथम सिटी (मराठीत गोथम असंही लिहितात) हे डीसी कॉमिक्समधलं बॅटमॅनचं शहर, काल्पनिक, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं. जोकर, कमिशनर गॉर्डन, वेन घराणं हे सगळं वाचकाला माहीत असतंच म्हणून त्यात शिरत नाही, घोळ आहे तो नावाचा.

बॅटमॅन पहिल्यांदा आला डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात, मे १९३९. तेव्हा शहराला नाव नव्हतं आणि त्याच वर्षातल्या पुढच्या काही गोष्टींत तर सरळ न्यूयॉर्कच आहे. 'गॉथम सिटी' आधी कुठे छापलं याची दोन उत्तरं मिळतात, बॅटमॅन या त्रैमासिकाचा ४था अंक (१९४०-४१ चा हिवाळा) किंवा डिटेक्टिव्हचा ४८वा (फेब्रुवारी १९४१). अमेरिकन कॉमिक्सवर तारीख पुढची टाकायची पद्धत होती, अंक स्टॉलवर आधीच यायचा, त्यामुळे महिन्यावरून भांडण्यात फार अर्थ नाही, पण ४था अंक आधीचा धरणं जास्त पटतं.

नाव ठेवलं लेखक बिल फिंगरने. १९७० मध्ये छापून आलेल्या त्याच्या आठवणीप्रमाणे सिव्हिक सिटी, कॅपिटल सिटी, कोस्ट सिटी अशी नावं घोळवून झाली, मग टेलिफोन डिरेक्टरी चाळताना 'गॉथम ज्वेलर्स' दिसलं आणि ठरलं, न्यूयॉर्क नको कारण कुठल्याही शहरातल्या वाचकाला ते आपलं वाटलं पाहिजे. किस्सा झकास आहे, पण सुमारे तीस वर्षांनी सांगितलेला, आणि मुळात त्या सराफाने तरी हे नाव का घेतलं असेल? न्यूयॉर्कला गॉथम म्हणायची रीत तोवर शंभराहून जास्त वर्षं जुनी होती आणि न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात वाढलेल्या फिंगरला ती माहीत नसेल हे अवघडच. डिरेक्टरी निमित्त झाली असावी, इतकंच.

ही रीत पडली ती अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंगमुळे, ११ नोव्हेंबर १८०७ च्या 'साल्मागुंडी' या टवाळ नियतकालिकात. त्याने नाव उचललं इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरच्या गॉथम याच नावाच्या एका खेड्यावरून. त्या खेड्याचा स्थानिक उच्चार 'गोटम', जुन्या इंग्रजीत अर्थ साधारण शेळ्यांची वस्ती, म्हणजे मराठीत थ लिहून आपण मूळ गावापासून लांबच गेलोय, पण अमेरिकन उच्चार थ चाच आहे त्यामुळे चूक म्हणता येत नाही. दंतकथा अशी की जॉन राजा (कारकीर्द ११९९–१२१६) गावातून जाणार होता, राजा गेला की तो रस्ता सरकारी होतो आणि देखभालीचा खर्च गावाच्या गळ्यात, म्हणून राजाची माणसं आली तेव्हा गावकरी कोकिळेला कुंपण घालत होते, ईल मासा तळ्यात बुडवून मारत होते. वेडाच्या गावात कशाला जायचं म्हणून राजाने वाट बदलली. थोडक्यात वेड पांघरून पेडगावला जाणं, फक्त इथे गावच पेडगाव. जॉनच्या काळातला पुरावा काही दाखवला जात नाही, पण १५व्या शतकातल्या टाऊनली नाटकांत (इंग्लंडमधली बायबलच्या कथांवरची नाटकं) गॉथमच्या मूर्खांचा उल्लेख येतो, तेव्हा कथा निदान तितकी जुनी. आयर्विंगच्या मनात वेडाचं सोंग घेणारे शहाणे होते की नुसतेच वेडे, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. एकूण लिखाणाचा सूर बघता नुसतेच.

प्रत्यक्ष शहरांपैकी न्यूयॉर्क मूळचं, बाकीची सिनेमामुळे चिकटली. डेनिस ओ'नील हा लेखक-संपादक गॉथमला मॅनहॅटनचा १४व्या रस्त्याच्या खालचा भाग म्हणायचा, तोही नोव्हेंबरातल्या सगळ्यात थंड मध्यरात्रीचा. १९८९ च्या 'बॅटमॅन' सिनेमासाठी कलादिग्दर्शक अँटन फर्स्टने लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत सेट उभारला, त्याला ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने त्याच्या बॅटमॅन सिनेमांत २००५ आणि २००८ ला मुख्यतः शिकागो वापरलं, २०१२ ला पिट्सबर्गही, आणि २००५ मधल्या 'नॅरोज' झोपडपट्टीमागे हाँगकाँगची पाडलेली काऊलून वॉल्ड सिटी आहे. (२०१२ मधल्या तुरुंगाच्या बाहेरचं दृश्य जोधपूरच्या मेहरानगडाजवळचं, पण तो तुरुंग गॉथममध्ये नाही, हे लोक विसरतात.) २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये लिव्हरपूल आणि ग्लासगो आले. २०१९ च्या 'जोकर'मधला नाचाचा जिना मात्र ब्राँक्समधला, फिंगरच्याच भागातला.

नकाशा फार उशिरा आला, १९९८ च्या सुमारास, एलियट ब्राऊनने काढलेला, तोही मॅनहॅटनसारखीच बेटं धरून. शहर न्यू जर्सीत आहे असं १९७० च्या दशकापासून अधूनमधून छापलं गेलंय, पण कथालेखक ते पाळतातच असं नाही.