सपाट आहे म्हणून सोपं नाही: कामार्गच्या बांधावर एक दिवस

फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदी समुद्राला मिळते तो सगळा त्रिभुज प्रदेश म्हणजे कामार्ग. त्याचा नकाशा उघडलात तर समोच्चरेषा जवळजवळ दिसतच नाहीत, आणि आपण सह्याद्रीत फिरणारी माणसं असल्यामुळे पहिला विचार हाच येतो की अरे चढ नाही म्हणजे काय, 25 किलोमीटर तर आरामात होतील. मला हे सांगायचंय की चढ नसला की प्लॅनिंग कमी करायचं नसतं, दुसऱ्याच गोष्टींचं करायचं असतं, वारा ऊन मीठ आणि पाणी यांचं.

आधी जागा समजून घेऊ. आर्ल गावाजवळ ऱ्होनचे दोन फाटे होतात, नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी पूर्वेच्या मोठ्या फाट्यातून जातं आणि उरलेलं पश्चिमेच्या छोट्या फाट्यातून. मधल्या बेटासारख्या भागात वाकारेस नावाचं प्रचंड उथळ सरोवर आहे, खोली दोन मीटरसुद्धा नाही. हे सगळं नदीनेच बनवलंय. समुद्राजवळ आल्यावर पाण्याचा वेग पडतो, वेग पडला की गाळ धरून ठेवायची ताकद जाते आणि गाळ खाली बसतो, हजारो वर्षं हेच चालू. त्यामुळे इथे उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची. दहा-वीस सेंटिमीटर खाली गेलात की जमीन पावसाळी महिन्यांत पाण्याखाली आणि उन्हाळ्यात मिठाची पांढरी खपली, आणि तेवढंच वर आलात की गवत, झाऊची झाडं, माणसाची वाट.

चालायचा रस्ता म्हणजे सँत-मारी-द-ला-मेर या किनाऱ्यावरच्या गावापासून पूर्वेकडे जाणारा समुद्रबांध, तिकडे त्याला दिग आ ला मेर म्हणतात. 1856 च्या मोठ्या पुरानंतर नदीलाही बांध घातले आणि 1859 मध्ये समुद्राच्या बाजूने हा. कोकणातल्या लोकांना खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध, काय असते ते सांगायला नको, कल्पना तीच आहे फक्त लांबी मोठी. गावातून निघून गाशोलच्या दीपगृहापर्यंत जाऊन परत आलात की 25 किलोमीटरच्या आसपास होतात. बांधावर मोटारींना बंदी आहे, चालणारे आणि सायकलवाले एवढेच.

आता दीपगृहाचं गणित बघा, मला ते फार आवडतं. जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साडेचार किलोमीटरवर दिसतं, पण दोन मीटर उंच बांधावर चढलात की तेच पावणेसात किलोमीटरवर जातं, म्हणजे दोन मीटरने जग दीडपट मोठं झालं. दीपगृह स्वतःच उंच असल्यामुळे त्याच्याही खूप आधीपासून दिसायला लागतं आणि मग ते जवळच येत नाही. याचं कारण साधं आहे, एखादी वस्तू दुप्पट मोठी दिसायला तिच्यापर्यंतचं अंतर निम्मं व्हावं लागतं, म्हणजे ती आठ किलोमीटरवर असेल तर तुम्हाला आधी चार किलोमीटर, जवळजवळ तासभर चालावं लागणार. त्यात दुपारी तापलेल्या जमिनीवर मृगजळ दिसतं आणि दीपगृहाचा पाया पाण्यात तरंगल्यासारखा वाटतो. म्हणून अंतराचा अंदाज डोळ्यांनी करायचा नाही, घड्याळाने करायचा. ताशी चार-साडेचार किलोमीटर धरा, पक्षी बघायला थांबणार असाल तर त्याहून कमी.

पायांचंही तसंच. डोंगरात चढ-उतार बदलत राहतात म्हणून स्नायू आळीपाळीने काम करतात, सपाटीवर मात्र तीसएक हजार पावलं अगदी सारखी पडतात, तीच टाच, तोच अंगठा, मोज्याची तीच शिवण. फोड येतो तो कातडीच्या थरांमध्ये पुन्हापुन्हा बसणाऱ्या ओढीमुळे, ओल्या कातडीवर तर लवकरच. पाचव्या किलोमीटरला कुठे गरम वाटलं तर तिथेच थांबून टेप लावा, पंधराव्याला लावून उपयोग नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मिस्त्राल. उत्तरेकडून किंवा वायव्येकडून येणारा हा थंड कोरडा वारा ऱ्होनच्या खोऱ्यात, एका बाजूला आल्प्स आणि दुसऱ्या बाजूला मासिफ सांत्राल हा डोंगराळ प्रदेश, असा नरसाळ्यातून यावा तसा जोरात येतो, कधीकधी ताशी 100 किलोमीटरच्याही वर. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ताशी 50 च्या वाऱ्यात तोंड करून चाललात तर छातीवर सहा-सात किलोचा दाब सतत, आणि आडोसा म्हणावं असं एक झाडसुद्धा नाही. सँत-मारीहून निघालात तर जाताना तो पाठीला किंवा कुशीला असतो आणि सगळं मस्त वाटतं, दमून परत फिरलात की समोर. ऊनही तसंच, सकाळी पूर्वेला जाताना डोळ्यांवर आणि दुपारी पश्चिमेला येताना पुन्हा डोळ्यांवर. उन्हाळ्यात तिथे घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्या उन्हाळी वेळेप्रमाणे सूर्य माथ्यावर येतो दुपारी पावणेदोनच्या आसपास, त्यामुळे बारानंतर ऊन उतरेल हा हिशोब तिथे चालत नाही. गाडी असेल तर मी सरळ उलटं करेन, पूर्वेकडून दीपगृहाच्या बाजूने सुरू करून सकाळी पश्चिमेला चालायचं आणि येताना वारा आणि ऊन दोन्ही पाठीला. आर्लहून बस मात्र सँत-मारीलाच येते, तेव्हा बसने जाणाऱ्यांनी वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री बघूनच ठरवावं.

पाणी दोन्ही बाजूंना दिसतं आणि पिण्याजोगं एक थेंब नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ, आपली किडनी लघवीतून तेवढं दाट मीठ बाहेर टाकू शकत नाही, म्हणून ते प्यायलं तर शरीरातलंच पाणी जातं. माणशी तीन लिटर घरूनच घ्या. उन्हाळ्यात आतल्या काही उथळ तळ्यांत बाष्पीभवनाने खारटपणा समुद्राहूनही जास्त होतो, जमिनीखालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं आणि पृष्ठभागावर मिठाची खपली सोडून उडून जातं. ती खपली वाळलेली दिसली तरी खाली चिखल असतो, तेव्हा शॉर्टकट मारू नका. शिवाय आजूबाजूचा मोठा भाग 1927 पासून राखीव आहे, तिथे वाट सोडायची परवानगीच नाही. त्या खाऱ्या जमिनीवर सॅलिकॉर्नियाची मांसल झुडपं असतात, आपल्या खाडीकाठच्या मोरसच्या भाजीची नातेवाईक.

भरती-ओहोटीचं टेबल मात्र लागत नाही, भूमध्य समुद्रात भरती फूटभराच्या आसपासच. डास मात्र छळतात. इथली एक जात ओलसर जमिनीवर अंडी घालते आणि पाणी चढलं की एकदम फुटतात, आणि हे डास दिवसाढवळ्या चावतात. म्हणून एप्रिल-मे बरा, आणि थोडा वारा असलेला दिवस आणखी बरा.

आणि फ्लेमिंगो! आपला मोठा रोहित, ठाण्याच्या खाडीत दिसतो तीच जात. पाणथळ जागा वाचवायच्या चळवळीची एक मोठी बैठक 1962 मध्ये याच सँत-मारीला झाली आणि तिच्यातूनच पुढे 1971 चा रामसर करार आला, ज्याच्या यादीत आज नांदूर मधमेश्वर आणि ठाण्याची खाडी आहे. ज्या पक्ष्यांसाठी आपण ऐरोलीला जातो त्यांच्या संरक्षणाचा धागा या गावातून जातो हे कळलं तेव्हा मला खूप आनंद झाला होता.

पण बांधावर उभं राहून दोन्हीकडे नीट बघा. नदीला बांध घातल्यावर पूर थांबले आणि पुराबरोबर येणारा गाळही थांबला, वरच्या धरणांनी आणखी अडवला. गाळाची जमीन स्वतःच्या वजनाने हळूहळू खचत असते, नवीन गाळ आला नाही की ती भरून निघत नाही, आणि समुद्र तर वर येतोय. पूर्वेकडची काही हजार हेक्टर मिठागरं 2008 नंतर फ्रान्सच्या किनारा संरक्षण संस्थेने विकत घेतली आणि तिथले समुद्राकडचे बांध दुरुस्त करायचे थांबवले. समुद्र आता तिथे आपापला आत येतो, नवीन वाळूचे किनारे घडवतो. 1882 चं गाशोलचं दीपगृह अजून उभं आहे. तिथे पोचलात की डबा खा, दुर्बीण काढा, आणि घड्याळ बघून दीडच्या आत परत फिरा, कारण परतीला वारा समोर असेल तर तीन तासांचे सहज चार होतात.