फी माफ झाली, पदवी झाली का? महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्त्यांची पार्श्वभूमी

गरीब घरातल्या कॉलेज विद्यार्थ्यासाठी महाराष्ट्र सरकार दोन वेगवेगळ्या गोष्टी करते. बोलताना मात्र आपण दोन्हींना ‘स्कॉलरशिप’ म्हणून मोकळे होतो. पहिली गोष्ट फीची. ती माफ होते किंवा सरकार तिची प्रतिपूर्ती करते, आणि तो पैसा शेवटी कॉलेजच्या तिजोरीत जातो. दुसरी गोष्ट निर्वाहाची, म्हणजे खोलीभाडे, मेस, एसटीचा पास, पुस्तके, परीक्षेच्या आधीचे दोन महिने कामावर न जाता अभ्यास करता येईल एवढी सोय. पहिल्या गोष्टीवरचा खर्च गेल्या साठ वर्षांत वाढतच गेला. दुसरीकडे सरकारचे लक्ष फार उशिरा गेले आणि अजूनही ते पुरेसे नाही. प्रवेश घेतलेली मुले पदवीपर्यंत पोचतात की मध्येच गळतात, हे बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीवर ठरते असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडचा इतिहासही तेच सांगतो.

सुरुवात पेशवाईतल्या दक्षिणेपासून करावी लागेल. विद्वान ब्राह्मणांना वाटण्यासाठी राखलेल्या या निधीतून इंग्रजी अमलात 1821 साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे ‘दक्षिणा फेलो’, म्हणजे या निधीतून विद्यावेतन घेणारे हुशार विद्यार्थी, नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थिदशेत असेच फेलो होते. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या तुकड्यांमधले कितीतरी विद्यार्थी अशा मदतीवर पदवीधर झाले. पण ही मदत कोणाला मिळत होती? 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी नेमके यावर बोट ठेवले. सरकारी शिष्यवृत्त्या चढाओढीने दिल्या जातात. वरवर हे न्याय्य दिसते, पण ज्या जातींत शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांच्याच पदरात त्या पडतात. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, अशी त्यांची मागणी होती. ‘गुणवत्तेवर की गरजेवर’ हा वाद आज जगभर चालतो. फुल्यांनी तो 140 वर्षांपूर्वी चार वाक्यांत मांडून ठेवला होता.

तरी त्या काळी गरीब मुलाचा खरा प्रश्न फीच्या आधी पोटाचा होता. खेड्यातून पुण्याला किंवा कोल्हापूरला आलेल्या मुलाने जेवायचे कुठे? ब्राह्मण मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणब्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या मुलाला हे दार उघडे नव्हते. राजर्षी शाहूंनी हे बरोबर ओळखले. 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. राजाराम कॉलेज तर 1880 पासून होतेच. बहुजन मुलांना गावात राहायला आणि जेवायला जागा झाली तेव्हा कुठे ते कॉलेज त्यांच्या आवाक्यात आले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

शिष्यवृत्ती आणि पदवी यांचे नाते समजून घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेइतके बोलके उदाहरण नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांच्या खटपटीने सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना 25 रुपये सुरू केले आणि त्या आधारावर ते एल्फिन्स्टन कॉलेजातून 1912 साली बी.ए. झाले. 1913 साली बडोदा सरकारने कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. त्या वर्षांत त्यांनी एम.ए. केले आणि लंडन गाठले. लंडनच्या अर्थशास्त्राच्या संस्थेत नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठीही घातले. आणि 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. बडोद्याची नोकरी, तिथे राहायला जागा न मिळणे, अपमान, मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, आणि पगारातून शिल्लक टाकणे. 1920 साली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या जोरावर ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. मधली तीन वर्षे बुद्धी कमी पडली म्हणून गेली नव्हती. पैसे अभ्यास संपण्याआधी संपले म्हणून गेली. इतकी असामान्य कुवत आणि जिद्द असलेल्या माणसाला जे इतके जड गेले, ते साध्या मुलाला किती जड जात असेल? तो परत येतो आणि पुन्हा जात नाही.

पुढे मजूरमंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात असताना बाबासाहेबांनी 1942 च्या ऑक्टोबरात अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. त्यातून 1944 साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. सुरुवातीची तरतूद वर्षाला 3 लाखांची. आज कॉलेजच्या खिडकीवर ‘जीओआय’ किंवा ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणून जी ओळखली जाते ती हीच. काही वर्षांतच ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या दलित घरांतली पहिली पदवीधर पिढी या शिष्यवृत्तीवर आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयासारख्या ठिकाणी घडली. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग भरवले, कारण दिवसा नोकरी केल्याशिवाय ज्यांचे भागत नव्हते अशी मुले तिथे येत होती. नियोजनाची ही समज मला फार मोलाची वाटते. 1956 च्या धर्मांतरानंतर नवबौद्धांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्राने आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राने अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश करायला 1990 साल उजाडले.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. 1919 साली रयत शिक्षण संस्था, 1924 साली साताऱ्याचे बोर्डिंग, आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला. मुले शेतात राबत, दगड फोडत, स्वयंपाक करत आणि शिकत. बोर्डिंगचा खर्च भागेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज विद्यापीठांच्या माहितीपत्रकात एका ओळीत उरकली जाते. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा मात्र गरीब मुलाला पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकवून धरणारी तीच होती. पुण्यात 1955 साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनेही राहण्या-जेवण्याचाच प्रश्न हाती घेतला.

राज्य सरकार मोठ्या प्रमाणावर उतरले ते यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना. ‘ईबीसी’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग, ही तीन अक्षरे तेव्हा घराघरात पोचली. वार्षिक उत्पन्न 1200 रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबातल्या मुलांना, जात न पाहता, फी माफ. आजच्या साठी-सत्तरीतल्या कोणत्याही ग्रामीण पदवीधराला विचारा, त्याला तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला काढल्याचे आठवते. मराठवाडा विद्यापीठ 1958 चे, शिवाजी विद्यापीठ 1962 चे. घराजवळ कॉलेज आणि फी माफ, या दोन्ही गोष्टी एका वेळी जुळून आल्या. त्या काळात कॉलेजांची फीही थोडी होती आणि प्राध्यापकांचा पगार अनुदानातून होत होता. त्यामुळे फीमाफीचा बोजा सरकारला पेलत होता.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र बदलले. जागा वाढल्या, फी कितीतरी पटींनी वाढली. कर्नाटकाकडे जाणारा विद्यार्थ्यांचा ओघ थांबवायला हे गरजेचे होते, असे समर्थन तेव्हा केले गेले आणि त्यात तथ्यही होते. पण सरकारच्या मदतीचा अर्थच त्यानंतर बदलला. फी सरकारने ठरवायची आणि माफ करायची, याऐवजी फी कॉलेजने मागायची, समितीने मंजूर करायची आणि सरकारने तिची प्रतिपूर्ती करायची, अशी व्यवस्था झाली. भटक्या-विमुक्तांना पूर्ण, इतर मागासवर्गीयांना निम्मी, आणि 2006 पासून आर्थिक मागासांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना. पुढे 2016-17 च्या सुमारास, मराठा मोर्चांच्या दिवसांत, या योजनेची उत्पन्नमर्यादा आधी 6 आणि मग 8 लाखांवर गेली. शिष्यवृत्तीच्या खर्चाचा मोठा वाटा आता संस्थांच्या फीपोटी जाऊ लागला.

ही प्रतिपूर्ती कशी चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. मुलाने महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्त्यांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरायचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, गॅप असेल तर त्याचे प्रमाणपत्र, आधार बँकेला जोडलेले. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून विभागाच्या कार्यालयात. वाटेत कुठेही ‘त्रुटी’ निघाली की परत. प्रवेश पावसाळ्यात होतो आणि हप्ता अनेकदा वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो, कधी पुढच्या वर्षी. दरम्यान कॉलेजला पगार द्यायचे असतात, म्हणून ते मुलाकडून हमीपत्र घेते, कुठे फीची काही रक्कम आधीच भरायला लावते, आणि बाकी राहिली तर टीसी किंवा मार्कशीट अडवते. 2021 पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची फीसुद्धा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्याने ती कॉलेजला भरायची असते. घरी आजारपण असेल, सावकाराचा तगादा असेल, आणि नेमके तेव्हा खात्यात 40 हजार आले, तर? उशीर हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष आहे. 1917 साली बाबासाहेबांची शिष्यवृत्ती लवकर संपली होती. आज ती उशिरा येते. मुलाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

आणि निर्वाह भत्ता? 2021 च्या सुधारित दरांनुसार बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असेल तर वर्षाला 6,000 रुपये मिळतात, घरून येत असेल तर 3,000. म्हणजे महिना 500 किंवा 250. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाची यात आठवड्याची मेसही भागत नाही. ही उणीव सरकारला दिसली नाही असे नाही. 2016-17 मध्ये एकदम तीन योजना आल्या. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी ‘स्वाधार’, आदिवासी मुलांसाठी ‘स्वयं’, आणि अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजारांपर्यंत मिळतात. शाहू महाराजांनी 1901 साली जो प्रश्न हाती घेतला होता, त्याकडे राज्य इतक्या वर्षांनी वळले. पण या योजनांचा आवाका फीच्या योजनांपेक्षा फार लहान आहे, आणि हप्ते इथेही रखडतात.

पैसे दिल्याने खरोखर जास्त मुले पदवीधर होतात का, याचे मोजून दिलेले उत्तर अमेरिकेतल्या काही राज्यांकडे आहे. फ्लोरिडा राज्य गरीब विद्यार्थ्यांना देत असलेल्या अनुदानाचा अभ्यास बेंजामिन कॅसलमन आणि ब्रिजेट टेरी लाँग यांनी केला. त्यांनी पात्रतेच्या रेषेच्या किंचित अलीकडची आणि किंचित पलीकडची मुले ताडून पाहिली. 2000 साली 1,300 डॉलरच्या अनुदानाला पात्र ठरलेल्यांत सहा वर्षांत पदवी घेण्याचे प्रमाण 22 टक्क्यांनी जास्त निघाले. वेस्ट व्हर्जिनियातल्या शिष्यवृत्तीला दरवर्षी ठरावीक अभ्यासक्रम पुरा करण्याची अट होती, आणि तिथे वेळेत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी दाखवले. तिथली परिस्थिती इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. घेण्यासारखी आहे ती मोजण्याची पद्धत. आपल्याकडेही उत्पन्नाची मर्यादा ही तशीच एक रेषा आहे, 8 लाखांच्या अलीकडचे आणि पलीकडचे. हा अभ्यास इथेही करता येईल.

आपण मोजतो ते लाभार्थी आणि वितरित रक्कम. विधिमंडळातल्या उत्तरांत हेच आकडे असतात. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात दरवर्षी किती जणांनी नाव घातले आणि किती जण उत्तीर्ण झाले ते कळते. पण एका वर्षी एकत्र प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती जणांच्या हातात पदवी पडली, किती जण एटीकेटीत अडकून घरी बसले, आणि त्यात शिष्यवृत्तीवाले किती, हे त्यातून कळत नाही.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय मोठा आहे आणि मनापासून स्वागत करावे असाच आहे. त्यातही वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च मुलीच्या घरानेच पेलायचा आहे. या निर्णयाखाली अभियांत्रिकीला गेलेल्या मुलींची पहिली तुकडी 2028 मध्ये बाहेर पडेल. प्रत्येकीचा अर्ज महाडीबीटीवर आहे, प्रत्येकीचे क्रेडिट खाते, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांच्या श्रेयांकांची नोंद, आहे. या दोन नोंदी जोडून, दर सत्रागणिक कोण वर्गात राहिली आणि कोण गळाली, हे तंत्रशिक्षण विभागाने आत्तापासून लिहून ठेवायला हवे.